पहिले पंधरा मीटर

फेब्रुवारी २०२२. रविवार दुपार. मटण-भाकरीचं जेवण अंगावर आलेलं, ठाकुर्लीच्या आमच्या वन बीएचकेमध्ये पंखा फुल स्पीडला, आणि आम्ही तीन पिढ्या टीव्हीसमोर आडव्या. मी, माझी चौदा वर्षांची भाची आणि खुर्चीत डुलक्या काढणारे आप्पा, म्हणजे माझे वडील. टीव्हीला मोबाइल जोडून भाची यूट्यूबवर बीजिंगच्या विंटर ऑलिम्पिकचे हायलाइट्स बघत होती. का, तर जमैकाची टीम! बर्फ न पडणाऱ्या देशाची चार माणसांची बॉबस्ले टीम चोवीस वर्षांनी ऑलिम्पिकला परत आली होती आणि तिच्या इन्स्टावर म्हणे त्याचीच हवा होती.

बॉबस्ले म्हणजे काय हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : बर्फाची नळीसारखी वळणावळणाची घसरगुंडी, त्यात बंद होडीसारखी दिसणारी एक जड गाडी. चार दांडगट माणसं ती गाडी जिवाच्या आकांताने ढकलत पळतात आणि एका क्षणी पटापट आत उड्या मारून मुंडी खाली घालतात. पुढचं सगळं उतार आणि ड्रायव्हर बघून घेतो. ताशी सव्वाशे-दीडशे किलोमीटर. मिनिटभरात खेळ खलास.

चौघं पळाले, चौघांनी उड्या टाकल्या. आणि मागून आप्पांचा आवाज आला, डुलकीतला नाही, चांगला जागा.

‘‘अरे, हे तर आमचं काम!’’

भाची फिस्सकन हसली. मी नाही हसलो. कारण मला माहीत होतं, आप्पा शब्दशः खरं बोलत होते.

*

माझे वडील ट्रॉलीमन होते. रेल्वेत.

तुम्ही लोकलच्या दारात उभं राहून प्रवास केला असेल तर कधी तरी पाहिलं असेल. रुळांवर चार चाकांची एक छोटी ट्रॉली, वर बाकडं, बाकड्यावर साहेब, लाल झेंडा आणि मागे ट्रॉली ढकलत पळणारी दोन माणसं. साहेब म्हणजे पीडब्ल्यूआय, रुळांची तपासणी करणारा. पळणारे ते ट्रॉलीमन. एका वेळी दोघं ढकलतात, एक या रुळावरून, दुसरा त्या रुळावरून. हो, रुळा‘वरून’. खडीत पळता येत नाही, स्लीपरवर पावलाचा हिशेब बसत नाही, म्हणून जेमतेम सात सेंटीमीटर रुंदीच्या लोखंडावर एकापुढे एक पाऊल टाकत पळायचं. मे महिन्यात रूळ तापलेला, जुलैत निसरडा. ट्रॉलीने वेग घेतला की मागच्या मागे उडी मारून वर बसायचं, वेग कमी झाला की परत उतरून ढकलायचं. मागून गाडी येतेय असं कळलं की सगळ्यांनी मिळून ट्रॉली उचलून रुळाबाहेर काढायची, गाडी गेली की पुन्हा रुळावर. आप्पांनी कल्याणच्या पुढे टिटवाळा, वासिंद, आसनगाव, खर्डी या पट्ट्यात हे वर्षानुवर्षं केलं.

आता कबुलीजबाब. मी हे कुणालाही सांगत नसे.

शाळेत ‘वडिलांचा व्यवसाय’ या रकान्यात मी ‘रेल्वे’ लिहायचो. इंजिनीअरिंगला गेल्यावर अजून स्मार्ट झालो. कॅम्पस इंटरव्ह्यूला विचारलं तेव्हा म्हणालो, ‘‘फादर रेल्वेत आहेत, इंजिनीअरिंग डिपार्टमेंट.’’ यात खोटं एक अक्षर नाही! ट्रॉलीमन इंजिनीअरिंग डिपार्टमेंटचाच असतो. पण समोरच्याने काय समजायचं ते समजलं आणि मी ते समजू दिलं. आजही ऑफिसात माझ्या टीमला वाटतं की माझे वडील रेल्वेत इंजिनीअर होते. निदान हा लेख छापून येईपर्यंत वाटत होतं.

तर त्या रविवारी आप्पा ‘हे आमचं काम’ म्हणाले आणि वर एक कॉमेंट टाकली, ‘‘तो तिसरा उशिरा बसला. गाडी हलली बघ.’’

व्हिडिओ मागे घेऊन पाहिला. शपथ सांगतो, तिसरा उशिरा बसला होता.

*

आता भाचीचं काय ते सांगतो, कारण गोष्ट खरी तिची आहे.

ती शंभर मीटर पळते. डोंबिवलीत शाळेच्या टीममध्ये आहे. आदल्या वर्षभर तिचं एकच रडगाणं होतं : शेवटच्या पन्नास मीटरमध्ये ती सगळ्यांना गाठते, पण तोवर फीत गेलेली असते. सरांचं निदान ठरलेलं, ‘‘स्टार्ट मार खातोय.’’ म्हणजे काय, कुठे, किती, हे कुणालाच सांगता येत नव्हतं. बरं, नववी संपून दहावी तोंडावर आलेली. माझी ताई, म्हणजे तिची आई, एका वाक्यावर आली होती, ‘‘यंदा झोनलला काही झालं तर ठीक, नाही तर बूट माळ्यावर.’’ कुठल्याही मध्यमवर्गीय घरात हे वाक्य बोललं जातं आणि त्यावर अपील नसतं.

मी डेटाच्या धंद्यातला माणूस. ऑफिसात आमचं एक आवडतं वाक्य आहे : जे मोजता येत नाही ते सुधारता येत नाही. म्हटलं, मोजूया. आणि मोजायचं कसं हे शिकायला मी रात्री बसून ज्यांनी स्टार्ट मोजण्याचा अक्षरशः कीस काढलाय त्यांच्याकडे गेलो, म्हणजे या बर्फावरच्या गाडीवाल्यांकडे.

भन्नाट जग आहे हे. बॉबस्लेत बंदूक वाजत नाही. हिरवा दिवा लागला की ठराविक सेकंदांत तुम्हाला वाटेल तेव्हा निघा. घड्याळही लगेच सुरू होत नाही. पहिले पंधरा मीटर फुकट! पंधरा मीटरवर प्रकाशाचा एक किरण ट्रॅकला आडवा लावलेला असतो, गाडीने तो कापला की घड्याळ सुरू. तिथून पुढचे पन्नास मीटर म्हणजे अधिकृत ‘स्टार्ट टाइम’. चौघांची गाडी हे पन्नास मीटर साधारण पाच सेकंदांत पार करते. म्हणजे त्या फुकटच्या पंधरा मीटरमध्ये तुम्ही जो वेग कमावता तो घेऊनच घड्याळात शिरता. तिथे आळस केला तर तो कुठे लिहिला जात नाही, पण वसूल पुरेपूर होतो.

आणि हे सगळं कशासाठी? तर या खेळात एक ठोकताळा आहे : वर स्टार्टला एक दशांश सेकंद गमावला की खाली तो साधारण तीन दशांश होतो. कारण सोपं आहे. वरच्या भागात उतार कमी, तिथे गाडीचा वेग म्हणजे तुमच्या पायांनी दिलेला वेग. जो हळू शिरला तो पुढच्या प्रत्येक मीटरला थोडं थोडं देणं देत जातो. प्रत्येक ट्रॅकवर हिशेब इतका सरळ बसतो असं नाही, आणि ड्रायव्हरने वळण चुकवलं तर कुठलाही स्टार्ट वाचवत नाही. पण हरणाऱ्याला वर गेलेला दशांश खाली परत मिळत नाही एवढं नक्की.

म्हणून या टीम धावपटूंच्या मागे असतात. अमेरिकेची लॉरिन विल्यम्स २००४ला अथेन्समध्ये शंभर मीटरचं रौप्य घेऊन गेली आणि २०१४ला सोचीत बॉबस्लेचं रौप्य. १९८८ला जमैकाची पहिली टीम उभी राहिली तीही तिथल्या हातगाड्यांच्या शर्यतींवरून सुचलेल्या कल्पनेतून. आणि सर्वांत भारी म्हणजे, उन्हाळ्यात बर्फ नसतो तेव्हा युरोपातल्या टीम सराव कशावर करतात माहितेय? रुळांवर! उतारावर लोखंडी रूळ टाकलेले असतात आणि त्यावर चाकं लावलेली गाडी ढकलत पळायचं.

हा व्हिडिओ मी आप्पांना दाखवला. त्यांनी चष्मा लावून नीट पाहिला. मग म्हणाले, ‘‘ह्यांना खाली रबर अंथरून दिलंय. रुळावर पळ म्हणावं.’’

*

मोजणी सुरू झाली एप्रिलमध्ये. ठिकाण : आपला ९० फूट रोड. सकाळी साडेपाच. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगतो, रेल्वेला समांतर जाणारा हा रस्ता पहाटे ठाकुर्लीकरांचा जॉगिंग पार्क असतो. लाफ्टर क्लबवाले, कुत्रेवाले, डॉक्टरांनी ‘चाला’ सांगितलेले काका आणि त्यात आम्ही : खडूने रेघा मारणारा मामा, हातात लाकडी क्लॅपर घेतलेली, झोपेतून उठवल्यामुळे भडकलेली ताई, आणि भाची. आप्पा फुटपाथच्या कट्ट्यावर. त्यांचा उजवा गुडघा आता साथ देत नाही, पण ‘फिरून येतो’ म्हणून रोज आमच्या आधी तयार.

पहिल्या दिवशी स्टॉपवॉच वापरलं. संपूर्ण फ्लॉप! त्याच धावेला मी २.२ म्हणालो, ताई २.५. बोटाचा खेळ आहे तो. हाताने घेतलेली वेळ नेहमी चापलूस असते; म्हणूनच शंभर मीटरच्या हाताने घेतलेल्या वेळेत ०.२४ सेकंद मिळवून मग ती इलेक्ट्रॉनिक वेळेशी ताडतात. शंभर मीटरला हे चालून जाईल. दहा मीटरला अशा चुकीत सगळा स्टार्टच बुडतो.

मग मोबाइल काढला. स्लो मोशन, सेकंदाला २४० फ्रेम. म्हणजे एक फ्रेम साधारण चार मिलिसेकंद. वाटलं, जिंकलं! पण नाही. क्लॅपरचा आवाज ऐकून फ्रेम मोजायला लागलो तर आकडे विचित्र. मग ट्यूब पेटली : मोबाइल रस्त्यापलीकडे सोळा मीटरवर आणि आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. म्हणजे आवाज माझ्या मोबाइलपर्यंत पोचायलाच सेकंदाचा विसावा भाग. अकरा फ्रेम गायब! उपाय काय, तर आवाज ऐकायचाच नाही, बघायचा. ताईला फ्रेममध्ये उभं केलं आणि दोन फळ्या एकमेकींना टेकलेली पहिली फ्रेम म्हणजे शून्य.

दुसरी भानगड तिरप्या नजरेची. कॅमेरा पाच मीटरच्या खुणेसमोर, त्यामुळे सुरुवातीची आणि दहा मीटरची रेघ त्याला तिरकीच दिसणार, छाती रेघेवर आली की नाही कळेना. त्यावर तोडगा असा की कॅमेऱ्यातून बघत अलीकडच्या बाजूला काठ्या अशा उभ्या करायच्या की काठी आणि रेघेचा मध्य एकावर एक दिसेल. मग काठीमागे छाती गेली की वेळ घ्यायची. घरातले दोन झाडू आणि पावसाळी छत्र्या या कामी आल्या. लाफ्टर क्लबवाल्यांना आमच्यामुळे हसायला वेगळा प्रयत्न करावा लागत नव्हता.

आणि तिसरी गोष्ट, जी मला ऑफिसने शिकवली होती तरी मी विसरलो होतो : एका धावेवरून निष्कर्ष काढायचा नाही. त्याच सकाळी, त्याच बुटांत, तीच मुलगी एकदा २.१२ देते आणि एकदा २.२०. म्हणून रोज पाच स्टार्ट आणि त्यांची सरासरी. सर्वांत चांगली वेळ वहीत लिहायचा मोह होतो. तो टाळायचा.

दोन आठवड्यांनी वहीत तीन रकाने उभे राहिले. क्लॅपरपासून पहिल्या हालचालीपर्यंत : ०.१८ सेकंद. पहिल्या हालचालीपासून दहा मीटरपर्यंत : २.१६. दहा ते वीस मीटर : १.३६.

आणि इथे सरांचं निदान, आमचं निदान, सगळं उलटं पडलं. आम्ही समजत होतो की ती ‘उशिरा सुटते’. साफ चूक. ०.१८ म्हणजे ठीकठाक आहे. मोठ्या स्पर्धांत ०.१० पेक्षा लवकर हललात तर फाउलच धरतात, म्हणजे तिथे कमावण्यासारखं फार नव्हतंच. दहा ते वीसही वाईट नव्हतं. भोक मधल्या रकान्यात होतं. पोरगी वेळेवर सुटत होती, पण पहिल्या चार-पाच पावलांत वेग घेत नव्हती. बॉबस्लेच्या भाषेत सांगायचं तर पहिले पंधरा मीटर फुकट समजून चालली होती.

का, ते व्हिडिओ शंभर वेळा बघूनही मला कळेना.

*

या आकड्यांच्या नादात माझी झोप उडाली होती. रात्री वाचत बसायचो. ल्यूज नावाचा या खेळाचा एक भाऊ आहे. त्यात पाठीवर आडवं पडून, पाय पुढे करून खाली सुटायचं. स्टार्ट बसून घ्यायचा : दोन्ही बाजूंच्या मुठी धरून झोका घ्यायचा, स्वतःला पुढे खेचायचं आणि मग काटेरी हातमोज्यांनी बर्फाला चापट्या मारत वेग वाढवायचा. यात वेळ हजारांश सेकंदात मोजतात. १९९८ला नागानोत महिलांचं सुवर्ण आणि रौप्य यांच्यात फरक होता ०.००२ सेकंदाचा. तोही चार फेऱ्यांची बेरीज करून!

त्याच नागानोत आपला शिवा केशवन उतरला होता, सोळा वर्षांचा. मनालीजवळच्या वशिष्ठ गावचा. देशात बर्फाचा ट्रॅक एकही नाही, म्हणून गडी गाडीला चाकं लावून हिमालयातल्या डांबरी घाटरस्त्यांवर सराव करायचा, समोरून ट्रक आणि मेंढ्या येत असताना. असा माणूस १९९८ ते २०१८ सलग सहा विंटर ऑलिम्पिक खेळला आणि आशियाई विजेता झाला. मनात म्हटलं, त्याच्याकडे डांबर होतं, आमच्याकडे निदान ९० फूट रोड आहे.

आणि इतक्या छोट्या आकड्यांना इतकी किंमत का, असं ताईने विचारलं तेव्हा मी तिला आपल्या कोल्हापूरच्या वीरधवल खाडेची गोष्ट सांगितली. २०१८चे जकार्ता आशियाई खेळ, पन्नास मीटर फ्रीस्टाइलची फायनल. वीरधवल चौथा. ब्राँझ किती वेळाने हुकलं? ०.०१ सेकंद. माझ्या मोबाइलच्या अडीच फ्रेम. ताई काही बोलली नाही, पण दुसऱ्या दिवशी क्लॅपर घेऊन पाच मिनिटं आधी खाली उतरली.

*

कोडं सोडवलं आप्पांनी. मे महिना. मी लॅपटॉपवर फ्रेम-बाय-फ्रेम बघत होतो. ते मागून चहा घेऊन आले, उभ्या उभ्या दोन मिनिटं पाहिलं आणि म्हणाले, ‘‘ही निघताना पुढं बघती.’’

‘‘मग कुठे बघायचं?’’

‘‘पुढं बघितलं की अंग उभं होतं. अंग उभं झालं की पाय नुसते खाली आपटतात, मागं रेटत नाहीत. ट्रॉलीला नवीन पोरगा आला की हेच करायचा. झटका द्यायचा, मान वर काढायचा, अन् ट्रॉली जागेवर. झटका नाही द्यायचा, रेटायचं. आधी अंगाचं वजन घालायचं, मग पाय. मान वर कधी? ट्रॉली आपल्या पुढं पळायला लागली की.’’

व्हिडिओ परत लावला. दुसऱ्या पावलाला तिची हनुवटी वर येत होती, तिसऱ्या पावलाला कंबरेतून सरळ. पुढच्या पावलांत ती पळत होती, पण रेटत नव्हती. मला शंभर वेळा बघून जे दिसलं नाही ते आप्पांना चहा सांडू न देता दिसलं.

पण सांगून मान खाली राहत नाही. भीती वाटते तोंडावर पडायची. आप्पा म्हणाले, ‘‘तिला ढकलायला काय तरी दे. हाताला जड लागलं की मान आपोआप खाली जाती.’’ ट्रॉली कुठून आणायची? मग आमची नजर एकाच वेळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या माझ्या अल्टोवर गेली.

सरांना फोन केला. ते आधी हसले, मग म्हणाले, ‘‘चालेल, पण आठवड्यातून दोनदा, चार-पाच वेळाच, आणि वीस पावलांपुढे नको. जास्त जड ढकलून पळण्याची ढब बिघडते. एरवी कमरेला दोरी बांधून हलका टायर ओढायला लावा.’’

तर रविवारी सकाळी, सोसायटीच्या मागच्या मोकळ्या रस्त्यावर गाडी न्यूट्रलला. मागे भाची आणि मी, दोघं डिकीला हात लावून. स्टिअरिंगला कुणीतरी हवं, ब्रेकवर पाय हवा. ताईला गाडी येत नाही. राहिले आप्पा. त्यांनाही येत नाही, पण ‘सरळ धर आणि सांगितलं की ब्रेक दाब’ एवढंच काम होतं.

आप्पा दार उघडून बसले. सीट मागे घेतली. काचेतून मागे बघितलं, आम्ही दोघं वाकलेले. आणि एकदम गप्प झाले.

‘‘काय झालं?’’ मी विचारलं.

‘‘काय नाही,’’ ते म्हणाले. ‘‘आयुष्यभर मी मागं होतो. बसलोय पहिल्यांदा.’’

मी खाली बघितलं आणि रेटलं. मान आपोआप खाली गेली होती.

*

तुम्ही म्हणाल, आता सिनेमासारखं होणार, पोरगी पहिली येणार. थांबा. वही सांगते ते सांगतो.

आठ आठवड्यांनी, म्हणजे पावसाच्या दोन सरींमधल्या कोरड्या सकाळी, पाच-पाच स्टार्टची सरासरी अशी होती. पहिली हालचाल : ०.१८, तशीच. दहा मीटरपर्यंत : २.१६चे २.०६. दहा ते वीस : १.३६चे १.३४. म्हणजे वीस मीटरमध्ये ०.१२ सेकंदाची कमाई. तिच्या वेगाने हिशेब केला तर जवळजवळ एक मीटर. शंभर मीटरमध्ये एक मीटर म्हणजे काय, हे मागे राहिलेल्यालाच कळतं. यातलं किती अल्टोमुळे, किती टायरमुळे आणि किती नुसती ती चार महिन्यांनी मोठी झाल्यामुळे, हे मला वेगळं काढता येत नाही. डेटावाला म्हणून एवढं प्रामाणिकपणे सांगायलाच हवं.

झोनलला ती हीटमधून फायनलला गेली. फायनलमध्ये चौथी. मेडल नाही. पण मी फिनिशला नाही, मुद्दाम वीस मीटरवर उभा होतो, आणि तिथे ती दुसरी होती. आयुष्यात पहिल्यांदा. पुढे दोघी जणींनी तिला गाठलं, म्हणजे आता तिचा प्रश्न नवीन आहे, शेवटच्या पन्नास मीटरचा. जुना प्रश्न सुटून नवीन मिळणं ही माझ्या मते प्रगतीच.

बूट माळ्यावर गेले नाहीत. ताईने तो विषयच काढला नाही. फक्त त्या संध्याकाळी विचारलं, ‘‘क्लॅपर कुठे ठेवलाय? पाऊस थांबला की लागेल.’’

घरी येताना आम्ही ठाकुर्ली स्टेशनच्या पुलावर थांबलो होतो. खालून एक फास्ट लोकल न थांबता धडधडत निघून गेली. ठाकुर्लीला फास्ट थांबत नाही, हे आम्ही लहानपणापासून जगाला सांगत आलोय. आप्पा कठड्याला टेकून रुळांकडे बघत होते. वही भाचीच्या हातात होती, ती त्यांना आकडे वाचून दाखवत होती.

‘‘आजोबा, तुमचा टाइम किती होता?’’ तिने विचारलं. ‘‘म्हणजे ट्रॉली ढकलायचा?’’

आप्पांनी जरा विचार केला. ‘‘खर्डीहून आटगावला उतार लागला की आम्ही लई पळायचो,’’ ते म्हणाले. ‘‘पण आमचा टाइम कुणी घेतलाच नाही, पोरी.’’

तिने पेन काढलं. वहीच्या पहिल्या पानावर, जिथे माझं नाव होतं ‘टायमिंग – मामा’ आणि ताईचं ‘स्टार्टर – आई’, त्याच्या वर एक ओळ घालायला जागा शिल्लक होती. तिथे तिने लिहिलं : ‘कोच – आजोबा (ट्रॉलीमन, रेल्वे)’.

सोमवारी ऑफिसात लंचला मी तो व्हिडिओ दाखवला. अल्टो, भाची, मी. सगळे हसले. ‘‘आणि गाडीत कोण बसलंय?’’ कुणीतरी विचारलं.

‘‘माझे वडील,’’ मी म्हणालो. ‘‘रेल्वेत होते. ट्रॉलीमन.’’

‘‘म्हणजे काय रे?’’

मग डबा तसाच ठेवून मी सांगत बसलो. लंच टाइम संपून गेला.